‘माल’ की ‘माणूस’?
गुलामगिरीविरोधी वक्तृत्वाच्या शब्दकळेचा एक वेध

१७८३ साली लंडनच्या न्यायालयात विम्याचा एक दावा चालला. ‘झाँग’ नावाचे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून जमेकाकडे निघाले होते. वाटेत, १७८१ सालच्या अखेरीस, पिण्याचे पाणी अपुरे असल्याची सबब पुढे करून खलाशांनी सुमारे १३० आफ्रिकी माणसे जिवंतपणी समुद्रात लोटून दिली. लिव्हरपूलच्या जहाजमालकांनी या बुडालेल्या ‘माला’ची भरपाई विमेकऱ्यांकडे मागितली आणि ज्यूरीने ती मान्यही केली. पुढील सुनावणीत मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी नमूद केले की, ज्यूरीच्या लेखी हे प्रकरण घोडे पाण्यात फेकल्यासारखेच होते. त्यांनी फेरसुनावणीचा हुकूम दिला. एकेकाळी स्वतः गुलाम असलेल्या ओलॉदा इक्वियानो यांनी ही वार्ता ग्रॅनव्हिल शार्प यांच्या कानी घातली होती. शार्प यांनी खुनाचा खटला उभा राहावा म्हणून जिवाचे रान केले. परंतु खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. माल बुडतो, हरवतो, नासतो. मालाचा खून होत नाही.

एका शब्दाने केवढा अनर्थ घडतो, हे समजण्यासाठी याहून वेगळे उदाहरण शोधावे लागू नये. गुलामगिरीविरुद्ध ज्यांनी पुढील शंभर वर्षे सभा गाजवल्या, त्यांच्या हाती ना सैन्य होते ना खजिना. त्यांच्याजवळ शब्द होते. आज त्यांची भाषणे वाचताना आपण त्यांतील आवेशाने भारावून जातो. पण त्यांतील एकेक शब्द किती जोखून वापरलेला होता, हे आपल्या ध्यानी येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांतील काही मोजक्या शब्दांचा मागोवा घेणार आहोत. हा केवळ भाषेचा अभ्यास नव्हे. यांतील बहुतेक शब्द आपल्या पवित्र शास्त्रातून उचललेले आहेत, आणि ते उच्चारताना ख्रिस्तसभेची जीभ कधी धारदार झाली तर कधी अडखळली, हेही आपण पाहणार आहोत.

झाकणारे शब्द

प्रथम प्रतिपक्षाची भाषा पाहू. अन्यायाला आपले खरे नाव सहन होत नाही. अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. तिच्यात गुलामांविषयी तरतुदी आहेत. प्रतिनिधींची संख्या ठरविताना त्यांची गणना तीनपंचमांश धरावी असेही तिच्यात आहे. परंतु ‘गुलाम’ हा शब्द त्या मूळ दस्तऐवजात एकदाही येत नाही! ‘इतर व्यक्ती’, ‘सेवा वा श्रम करण्यास बांधलेली व्यक्ती’ अशी वळणे घेत कलमे पुढे सरकतात. ‘गुलामगिरी’ हा शब्द घटनेत प्रथम आला तो १८६५ साली, तेराव्या दुरुस्तीत, तिला मूठमाती देण्यासाठी. दक्षिणेकडील मळेवाले तर या प्रथेला ‘आमची खास व्यवस्था’ म्हणत. प्रवचनांत गुलामांना ‘सेवक’ म्हटले जाई आणि सेवकांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हा उपदेश शास्त्राधारासह केला जाई.

म्हणून गुलामगिरीविरोधी वक्त्यांचे पहिले कार्य झाकण उचलण्याचे होते. ‘सेवका’ला वेतन असते, त्याला काम सोडून जाता येते, त्याची मुले त्याची असतात, मग ज्याला यांपैकी काहीच नाही त्याला सेवक कसे म्हणावे, हा त्यांचा सवाल होता.

मनुष्यचोरी

झाकणारे शब्द दूर सारल्यावर नवे नाव कोणते द्यावे? वक्त्यांनी ते बायबलमधूनच घेतले : मनुष्यचोरी. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात माणसाला चोरून विकणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. संत पौलाने तिमथीला धाडलेल्या पहिल्या पत्रात घोर पाप्यांच्या यादीत माणसे पळवून विकणाऱ्यांसाठी एक ग्रीक शब्द घातला आहे. इंग्रजी बायबलात त्याचे भाषांतर ‘मनुष्यचोर’ असे झाले होते. हा शब्द हाती येताच वादाचे स्वरूपच पालटले. मळेवाला म्हणे, गुलाम ही माझी मालमत्ता आहे, तिला हात लावणारा चोर. वक्ता म्हणे, चोर तूच. कारण तुझ्या दारातील माणूस त्याच्या स्वतःकडून, त्याच्या आईबापांकडून आणि त्याच्या निर्माणकर्त्याकडून चोरलेला आहे. मालकीच्या किल्ल्याला सातव्या आज्ञेनेच सुरुंग लागला.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शास्त्रवचने दोन्ही बाजूंच्या ओठांवर होती. निर्गमच्या त्याच अध्यायात दासाला धन्याचे धन असेही म्हटले आहे. नोहाने कनानाला दिलेल्या शापाचा आधार काळ्या माणसाच्या दास्यासाठी घेतला जाई; वास्तविक उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात कातडीच्या रंगाचा उल्लेखही नाही. संत पौलाने अनेसिमला फिलेमोनकडे परत पाठविले, हे पळालेल्या गुलामाला धरून देण्याचे समर्थन ठरले. पण ज्या वाक्यात पौल त्याला दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकारण्यास सांगतो, ते वाक्य हलक्या आवाजात वाचले जाई. गुलामगिरीविरोधी वक्ते सुट्या वचनांच्या झुंजीत फार काळ अडकले नाहीत. फारोच्या हातून इस्राएलची सुटका करणारा परमेश्वर कोणाच्या बाजूचा आहे, हा प्रश्न त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवला. ‘इजिप्त’, ‘फारो’, ‘तांबडा समुद्र’, ‘वचनदत्त भूमी’ हे शब्द त्यांच्या तोंडी आले की भूगोल बदलत असे. अमेरिका स्वतःला नवे इस्राएल समजत होती; वक्त्यांनी तिला सांगितले की तू इजिप्त आहेस. हॅरिएट टबमन या गुलामीतून निसटलेल्या बाईने पुन्हा पुन्हा परत जाऊन आपल्या लोकांना सोडवून आणले, तेव्हा लोक तिला ‘मोशे’ म्हणू लागले, ते याच अर्थाने.

माणूस आणि भाऊ

१५११ सालच्या आगमनकाळातील चौथ्या रविवारी हिस्पानिओला बेटावर अंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूने स्पॅनिश वसाहतवाल्यांसमोर प्रवचन केले. तेथील मूळ रहिवाशांना राबवून मारणाऱ्या त्या श्रोत्यांना त्याने विचारले की, ही माणसे नव्हेत काय? यांना विवेकी आत्मा नाही काय? श्रोते संतापले, तक्रारी राजापर्यंत गेल्या. पुढे मूळ रहिवाशांचा कैवारी म्हणून अजरामर झालेला बार्तोलोमे दे लास कासास तेव्हा स्वतः त्या बेटावर राबत्या माणसांचा धनी होता, आणि हे प्रवचन पुढील पिढ्यांना कळले ते त्याच्याच लेखणीतून. याच लास कासासने एके काळी मूळ रहिवाशांऐवजी आफ्रिकी गुलाम आणावेत असे सुचविले होते. पुढे त्याचा त्याला पश्चात्ताप झाला आणि तो त्याने लिहूनही ठेवला. एकाला ‘माणूस’ म्हणताना दुसऱ्याला त्या शब्दातून वगळण्याचा मोह किती सूक्ष्म असतो, हे त्याच्या चरित्रावरून शिकावे.

तोच प्रश्न १७८७ साली इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या पदकावर उमटला. जोसायया वेजवूड यांच्या कारखान्यात घडविलेल्या त्या पदकावर बेड्या घातलेला, गुडघे टेकलेला आफ्रिकी पुरुष होता आणि भोवती एक प्रश्न : मी माणूस आणि भाऊ नाही काय? ‘माणूस’ या शब्दाने न्याय मागितला, ‘भाऊ’ या शब्दाने नाते. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौल अथेन्सकरांना सांगतो की देवाने सर्व राष्ट्रे एकाच मूळापासून निर्माण केली. जुन्या इंग्रजी बायबलात तेथे ‘एकाच रक्तापासून’ असे शब्द होते. ‘एक रक्त’ हा शब्दप्रयोग वक्त्यांनी इतका घासूनपुसून वापरला की तो त्यांचा ध्वजच बनला. मात्र त्या पदकावरील भाऊ गुडघ्यांवर आहे, तो उभा नाही, ही उणीव पुढे स्वतः मुक्त झालेल्या काळ्या वक्त्यांनी भरून काढली. त्यांनी प्रश्न विचारण्याचे थांबविले व व्यासपीठावर उभे राहिले.

‘क्रमशः’ आणि ‘तत्काळ’

राजकारणातील सर्वांत घातक शब्द पुष्कळदा सौम्य असतात. २ एप्रिल १७९२ रोजी ब्रिटिश संसदेत गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव आला असता हेन्री डंडास यांनी त्यात ‘क्रमशः’ एवढाच शब्द सुचविला. २३० विरुद्ध ८५ मतांनी ठराव संमत झाला आणि व्यापार आणखी १५ वर्षे चालू राहिला; तो थांबविणारा कायदा १८०७ साली झाला. एलिझाबेथ हेरिक या क्वेकर बाईंनी १८२४ साली एक पत्रक काढून ‘क्रमशः नव्हे, तत्काळ’ अशी घोषणा दिली. पाप क्रमाक्रमाने सोडता येत नाही, हा त्यामागील धर्मविचार होता. पापनिवेदनाला येणारा भाविक ‘मी चोरी हळूहळू कमी करीन’ म्हणाला, तर आम्हां धर्मगुरूंना काय वाटेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

१८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली. तरीही शब्दांनी पुन्हा डाव साधला. १ ऑगस्ट १८३४ पासून गुलाम ‘मुक्त’ झाले, पण सहा वर्षांखालील मुले सोडून बाकीच्यांना ‘शिकाऊ उमेदवार’ हे नाव देऊन जुन्याच धन्याकडे बांधून ठेवले. जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाने उसाच्या मळ्यात नवे काय शिकावयाचे होते? ही उमेदवारी १८३८ साली संपली. नुकसानभरपाईचे २ कोटी पौंड मिळाले ते मालकांना. गुलामांना दमडीही नाही. ‘नुकसान’ या शब्दाचा धनी कोण, हेही कायद्यानेच ठरविले होते.

‘आपण’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’

नामांइतकेच सामर्थ्य सर्वनामांत असते. १२ मे १७८९ रोजी विल्यम विल्बरफोर्स संसदेत सुमारे साडेतीन तास बोलले. सभागृहात या व्यापारावर पोसलेले अनेक जण होते. विल्बरफोर्स यांनी त्यांच्याकडे बोट दाखविले नाही. हा व्यापार चालू दिल्याबद्दल संपूर्ण संसदेसह आपण स्वतः लज्जित आहोत, आपण सारेच दोषी आहोत, असे ते म्हणाले. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी एकच शब्द आहे. मराठीला मात्र हा भेद जन्मतःच ठाऊक आहे. विल्बरफोर्स यांचे सर्वनाम मराठीत आणायचे तर ते ‘आपण’ होय : ऐकणाऱ्याला कवेत घेणारे, आणि म्हणूनच त्याला पळ काढू न देणारे.

फ्रेडरिक डग्लस यांनी नेमके उलट केले. मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मलेला हा पुरुष १८३८ साली निसटला व अमेरिकेचा थोर वक्ता झाला. रॉचेस्टर येथील गुलामगिरीविरोधी महिला मंडळाच्या निमंत्रणावरून ५ जुलै १८५२ रोजी ते स्वातंत्र्यदिनानिमित्त बोलावयास उभे राहिले. आरंभी त्यांनी श्रोत्यांना ‘सहनागरिक’ असे संबोधिले. पण पुढे पाहावे तो ‘तुमचे’ स्वातंत्र्य, ‘तुमचे’ पूर्वज, ‘तुमचा’ सण! ‘आपला’ हा शब्द श्रोत्यांना हवा होता आणि तोच त्यांनी दिला नाही. बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या बंदिवानांकडून त्यांचे शत्रू गाणे मागतात, त्या स्तोत्राची त्यांनी आठवण दिली, आणि एकाच सणाच्या दिवशी एकाच नगरात दोन राष्ट्रे राहतात हे श्रोत्यांना उमगले.

गुलाम हा माणूस आहे हे सिद्ध करून दाखवू काय, असेही त्यांनी त्याच भाषणात विचारले. आणि सिद्ध करण्याचे नाकारले. त्यांचा युक्तिवाद असा, की दक्षिणेतील कायदे गुलामाला गुन्ह्याबद्दल शिक्षा देतात, त्याला लिहावाचायला शिकविण्यास बंदी करतात. रानातल्या जनावरांसाठी असे कायदे कोणी करील काय? ज्या कायद्याने त्याला माल ठरविले, त्याच कायद्याच्या तोंडून त्यांनी ‘माणूस’ हा शब्द वदविला. ‘झाँग’च्या न्यायालयात जो शब्द हरवला होता, तो असा परत मिळाला.

मुक्ती, खंडणी आणि आपली ख्रिस्तसभा

इंग्रजीतील ‘इमॅन्सिपेशन’ हा शब्द रोमन कायद्यातला. पित्याच्या सत्तेतून मुलाला मोकळे करणे हा त्याचा मूळ अर्थ. १८२९ साली ब्रिटनमधील कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क मिळाला, तेव्हाही हाच शब्द वापरला गेला. त्या लढ्याचे नायक डॅनियल ओकॉनेल यांनी या शब्दाशी इमान राखले. स्वतःसाठी मुक्ती मागणाऱ्या कॅथलिकाने काळ्या माणसाची मुक्ती नाकारावी, हे त्यांना देवनिंदेसारखे वाटे. आयर्लंडच्या चळवळीला अमेरिकेतून मदत येत असतानाही त्यांनी मळेवाल्यांना मनुष्यचोर म्हणणे सोडले नाही. सप्टेंबर १८४५ मध्ये डग्लस यांनी त्यांना डब्लिनमध्ये ऐकले व ते भारावले. परंतु १८४२ साली ओकॉनेल यांच्यासह सुमारे ६०,००० आयरिश लोकांनी सह्या केलेले आवाहन अमेरिकेत पोहोचले, तेव्हा तेथील आयरिश कॅथलिक समाजाने ते झिडकारले. काळ्या लोकांना बंधू माना, एवढेच त्यात मागणे होते. परदेशात नुकतेच पाय रोवणाऱ्या गरीब समाजाला आपल्याहून गरिबाचा हात धरणे परवडणारे वाटले नाही.

३ डिसेंबर १८३९ रोजी सोळावे ग्रेगरी पोपमहाशय यांनी प्रेषितीय पत्र काढून काळ्या माणसांना दास करणे, विकणे, लुबाडणे व अशा कृत्यांना साहाय्य करणे निषिद्ध ठरविले. चार्ल्स्टनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी मात्र १८४० व ४१ साली अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना पत्रमाला लिहून असा अर्थ लावला की, पोपमहाशयांनी ‘व्यापारा’चा निषेध केला आहे, घरोघरी चालत आलेल्या ‘दास्या’चा नव्हे. शब्दच्छल विद्वत्तापूर्ण होता. पण मळ्यातील माणसाच्या पायांतील बेडी त्याने तशीच राहिली. तत्पूर्वी १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ पुरुष, स्त्रिया व मुले लुईझियानातील मळेवाल्यांना विकण्याचा करार केला होता. त्याबद्दल येशूसंघाने २०१७ साली त्यांच्या वंशजांसमोर क्षमायाचना केली. गोरे बेटावर, जेथून आफ्रिकी गुलाम जहाजांत चढविले जात, दुसरे जॉन पॉल पोपमहाशय यांनी १९९२ साली ख्रिस्ती लोकांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली गुलामगिरीची गणना मानवी प्रतिष्ठेला कलंक लावणाऱ्या कृत्यांत केली होती. तेथे ‘व्यापार’ आणि ‘दास्य’ असा भेद करावयास जागा उरली नाही.

आणखी एक शब्द आपल्या विशेष जिव्हाळ्याचा आहे : खंडणी. बंदिवानांना द्रव्य देऊन सोडविण्यासाठी आपल्या ख्रिस्तसभेत त्रिनिटेरियन व मर्सिडेरियन हे संन्यस्त संघ बाराव्या-तेराव्या शतकांत स्थापन झाले. १८४६ साली डग्लस यांच्या इंग्रज मित्रमंडळींनी १५० पौंड भरून त्यांची कायदेशीर सुटका करविली, तेव्हा काही सहकारी रागावले. पैसे दिले म्हणजे माणूस विकत घेता येतो हे मान्य केले, असे त्यांचे म्हणणे. ही ‘खरेदी’ नव्हे, ‘खंडणी’ आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. लुटारूला पैसे देणारा लुटारूचा हक्क मान्य करीत नाही. प्रभू येशूने आपला जीव खंडणी म्हणून दिला असे आपण म्हणतो, तेव्हा सैतानाचा आपल्यावर हक्क होता असे आपण म्हणत नाही, हे या वादाच्या उजेडात अधिक स्पष्ट दिसते.

मराठीच्या अंगणात

या शब्दकळेचा एक धागा थेट पुण्यापर्यंत आला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले आणि तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला आजवर धर्म, रूढी, कर्म अशी नावे होती. जोतीरावांनी तिचे नाव बदलले, आणि नाव बदलताच ती सहन करण्याजोगी राहिली नाही. सातासमुद्रांपलीकडील वक्त्यांचे मर्म त्यांनी नेमके ओळखले होते.

आपल्याकडे प्रत्यक्ष गुलामही होते. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ या नावांनी स्त्रियांची खरेदीविक्री नोंदलेली आढळते. १८३३ च्या ब्रिटिश कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. येथील न्यायालयांनी माणसावरील मालकी मानू नये, असा कायदा १८४३ साली झाला. पोर्तुगीज मुलखांत १८६९ च्या फर्मानाने गुलाम ‘लिबेर्तो’, म्हणजे मुक्त, झाले. पण काही काळ चाकरी जुन्याच धन्याची!

सर्वांत बोलका शब्द मात्र आपल्या शेजारचाच आहे. डहाणू-उंबरगाव भागातील वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेई आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघेही जन्मभर त्याच्या घरी राबत. या वेठीला नाव होते ‘लग्नगडी’. लग्नासारख्या मंगल शब्दाच्या पदराआड दास्य लपले होते! १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले व या प्रथेवर त्यांनी घाव घातला. वेठबिगार नष्ट करणारा कायदा देशभर झाला तो १९७६ साली.

‘दास’ हा शब्द आपण भाविकांनी टाकून द्यावा काय? पवित्र मरीयेने स्वतःला प्रभूची दासी म्हटले, संत पौलाने स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हटले. पोपमहाशय स्वतःला देवाच्या दासांचा दास म्हणवितात. या तिन्ही ठिकाणी तो शब्द माणसाने देवापुढे स्वतःविषयी उच्चारलेला आहे. दुसऱ्याविषयी तो उच्चारण्याचा अधिकार मात्र कोणालाही दिलेला नाही. गुलामगिरीविरोधी वक्त्यांचे शतकभराचे वक्तृत्व या एका भेदासाठी खर्ची पडले. अरबी भाषेत ‘गुलाम’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘मुलगा’ असा आहे. आपल्या चहाच्या दुकानांत ‘पोऱ्या’ अशी हाक ऐकू येते, वीटभट्टीवर उचल घेऊन आलेल्या कुटुंबाला नुसते ‘जोडी’ म्हटले जाते, घरकाम करणाऱ्या बाईचे नाव वर्षानुवर्षे घरात कोणालाही ठाऊक नसते. या माणसांची नावे आपण विचारून घेतली, तर या थोर वक्त्यांची भाषणे आपण नीट वाचली असे म्हणता येईल.